विळ्याचे घासे

मोरबी, ९ सप्टेंबर २०२४

स्वरदाताई,

माझ्या नंबरवरून फोन लागत नाही. साहिलच्या नंबरवरून लावला तर माझा आवाज ऐकून तुम्ही ठेवून दिला. साहिल म्हणजे माझ्या खोलीतला, बिहारचा. मग आठवलं, तुम्ही म्हणायचात, "बुधा, मला तोंडी सांगू नकोस, विसरते मी. वहीत लिही." तर लिहितोय. पत्ता तुमच्या त्या कार्डावरचा आहे, कॉलेजचा. माझं अक्षर कसं आहे ते तुम्हाला ठाऊकच. पाचवीनंतर शाळेचं तोंड बघितलं नाही, आणि नंतर जी अक्षरं गिरवली ती तुमच्या तक्त्यावरची दोन हजार वर्षांपूर्वीची. मास्तर असते तर म्हणाले असते, चालू सोडून हे कुठलं शिकतोयस.

मी गुजरातमध्ये आहे, टाईल्सच्या कारखान्यात. भट्टीतून निघालेली फरशी बोटानं वाजवायची, बद्द वाजली की बाजूला काढायची. काम बरं आहे. उकाडा लई.

आमच्या रेश्मानं, बहिणीनं, फोनवर सांगितलं की तुमच्यामागं चौकशी लागलीय. दगडावरची अक्षरं ताईंनीच कोरून घेतली, असं कॉलेजात म्हणतात म्हणे. ऐकून जेवण गेलं नाही. म्हणून खाली सगळं पहिल्यापासून लिहितो. तुम्हाला माहीतच आहे, पण चौकशीवाल्यांना दाखवायला उपयोगी पडेल.

मी बुधा गेणबा, वय चोवीस, राहणार मुळशी धरणाच्या वरच्या अंगाची वाडी. आमचं जुनं गाव शंभर वर्षांपूर्वी धरणात गेलं. मे महिन्यात पाणी उतरलं की घरांची जोती उघडी पडतात, आणि जोत्यांच्या खाली ओढ्याच्या कडेला एक दगड. जुन्या बाया गवताला जाताना त्याच्यावर विळे घासायच्या. म्हणून विळ्याचा दगड. विळे घासून घासून त्याच्या उजव्या अंगाला चिरा पडल्यात, त्यांना आम्ही घासे म्हणतो. दगडावर अक्षरं आहेत हे सगळ्या वाडीला माहीत होतं. पण त्यात काय एवढं, असं.

स्वरदाताई जुने कोरलेले लेख शोधत २०१९ च्या मे महिन्यात आल्या. मी त्यांना दगड दाखवला. अक्षरं लेण्यांतल्यासारखी, वाचता येतात, पण भाषा कळत नाही. संस्कृत नाही, प्राकृत नाही, कानडी नाही. ताईंचं म्हणणं, ही एक वेगळीच भाषा होती आणि तिचे सगळे मिळून अकरा शब्द आज माहीत आहेत, तेही कोकणात सापडलेल्या तीन फुटक्या खापरांवरून. (मी तुम्हाला विचारलं होतं, अकरा शब्दांत बाई नवऱ्याला जेवायला तरी बोलवू शकेल का? तुम्ही हसलात. म्हणालात, त्यातला एकही जेवणाचा नाही रे.)

पाच वर्षं दगडाच्या दोनच ओळी दिसायच्या. यंदा पाणी लई खाली गेलं आणि चिखलातून तिसरी ओळ निघाली. तिच्या शेवटी, विळे घासायच्या जागेवर, तीन अक्षरं असल्यासारखं वाटत होतं. तिथं खापरावरचाच शब्द निघाला तर दगड त्या भाषेचा ठरणार होता. नाही निघाला तर कुण्या अडाणी माणसानं प्राकृत वेडंवाकडं खोदलंय असं म्हणून पुण्याचे सर वही मिटणार होते.

२८ मेला पुण्याहून तिघे सर दगड बघायला आले. शेवटची तीन अक्षरं ताजी कोरलेली निघाली. ती कोणी कोरली मला माहीत नाही. वरच्या रिसॉर्टची माणसं धरणात जीप उतरवतात. त्यांच्यातलं कोणी असेल. हे मी त्या दिवशीही सर्वांसमोर सांगितलं होतं.

बुधा गेणबा (सही)

ताई, हे पुरेल ना? अजून काही लिहायला हवं असेल तर कळवा. आता दगडावर तीन माणसं उंच पाणी असेल.


मोरबी, २ नोव्हेंबर २०२४

स्वरदाताई,

उत्तर आलं नाही. दिवाळी झाली. कारखाना बंद होता, घरी जाता आलं असतं. गेलो नाही.

रेश्माला मी खोदून खोदून विचारलं. तिनं सांगितलं की तुम्ही माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून कॉलेजात रिसॉर्टचं नाव घेतलंत. मग रिसॉर्टच्या मॅनेजरनं गेटावरच्या कॅमेऱ्याचं सगळं काढून दिलं. २४ ते २८ मे या चार दिवसांत धरणाकडं एकही गाडी उतरली नव्हती. म्हणजे तुम्ही कोरलंत ते कोरलंत, वर दुसऱ्यावर ढकललंत, असं झालं.

मागच्या पत्रात सहीच्या आधी रिसॉर्टचं लिहिलं ते खोटं आहे. ती अक्षरं मी कोरली. ते पत्र फाडा. हे ठेवा.

तुम्ही २४ तारखेला तिसऱ्या ओळीचा कागदी ठसा घेत होतात. जाड कागद ओला करून दगडावर बसवला, ब्रशनं ठोकून ठोकून अक्षरांत घातला, आणि वाळायच्या आधीच वारं आलं. उजव्या बाजूचं टोक उचललं, कागद मधोमध फाटला. तो शेवटचा कागद होता. फोटो होते ते भर दुपारचे, त्यात दगड भाकरीसारखा सपाट दिसतो. तिरपं ऊन मिळायचं त्या दिवशी आभाळ आलं. तुम्ही चिखलात बसलात आणि म्हणालात, "बुधा, ही तीन जरा स्पष्ट असती ना, तर मला कोणापुढे हात जोडायला लागले नसते." मग पुण्याला गेलात, कागद आणि माणसं घेऊन येते म्हणून. मध्ये चार दिवस.

आमचं घराणं पाट्या-वरवंट्यांना टाकी लावणारं, तुम्हाला माहीत आहे. आबांबरोबर, म्हणजे आजोबांबरोबर, मी दहा वर्षांचा असल्यापासून पौडपासून ताम्हिणीपर्यंत सगळ्या वाड्या फिरलो. पाटा गुळगुळीत झाला की त्याच्यावर मिरची वाटली जात नाही, नुसती सरकते. मग आबा कोरडी हळद पाट्यावर चोळतात आणि फुंकर मारतात. जिथं जुनी टाकी शिल्लक असते तिथं हळद बसून राहते. तिथंच परत छिन्नी मारायची. म्हणजे पाटा पहिल्यासारखा होतो. आबा म्हणतात, पाट्याचा स्वतःचाच घाट असतो, आपण आपला घालायचा न्हाई.

मी तेच केलं. आईच्या डब्यातली हळद नेली. चोळली, फुंकली. पिवळ्या रेघा राहिल्या. त्यावर टाकी मारली. मला वाटलं, ताई येतील तेव्हा तीन अक्षरं लख्ख दिसतील. घासलेला पाटा कोणी तसाच ठेवतं का? तो नीट करून देतात.

पण हळद घाशांतही बसते. हे मला नंतर कळलं. नंतर म्हणजे लगेचच, हात धुताना.

बुधा


किशनगड, राजस्थान, ११ जानेवारी २०२५

स्वरदाताई,

मोरबी सोडलं. मुकादमाशी वाजलं. साहिल म्हणाला, "तेरे पैर में पहिया है क्या?" आणि मग तोही मागं आला. इथं संगमरवराचं काम आहे. सगळ्या गावावर पांढरी धूळ, झाडंसुद्धा पांढरी. मी देवळाच्या पायऱ्यांवर फुलं कोरतो. ठेकेदाराला माझा हात आवडतो. त्याला सांगितलं नाही की या हातानं काय केलंय.

मागच्या पत्रात एक गोष्ट राहिली. राहिली म्हणजे मी ठेवली.

टाकी मारून झाल्यावर अक्षरं पांढरी दिसायला लागली, ताज्या खवलेल्या नारळासारखी. मग मी ओढ्यातला चिखल आणला आणि त्यांत भरला. वाळू दिला, पुसला, परत भरला. दोन दिवस. जुनी दिसेपर्यंत.

ताई, हळद आमच्या धंद्यातली आहे. टाकीही धंद्यातली. त्या दोन्हीला मी म्हणू शकतो की मला कळलं नाही. पण टाकी लावून झाल्यावर पाट्यात चिखल कोणी भरत नाही. चिखल भरताना मला कळत होतं.

तिघांतल्या त्या उंच सरांनी खिशातून काडी काढली, अक्षरात फिरवली, चिखलाची गोळी निघाली आणि तिच्यामागून पांढरी भुकटी. ते म्हणाले, "परवाचं काम आहे हे, मॅडम. आणि झाकायचीही घाई झालेली दिसते." तुम्ही त्यांच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलंत. आणि मी तोंड उघडलं ते रिसॉर्टचं नाव घ्यायला.

तुम्हाला त्याच वेळी कळलं होतं का? कळलं असेल तर माझं खोटं कॉलेजात का नेलंत? हे मी रोज विचारतो. मला वाटतं, तुम्हाला माझ्यावर विश्वास ठेवायचा होता.

आता कामाचं. काल एका पायरीवर पुठ्ठा दाबून नक्षी उमटवत होतो आणि एकदम आठवलं. तो फाटलेला ठसा! तुम्ही चुरगाळून माझ्या हातात दिला होता आणि म्हणालात, "हा गेला, फेकून दे." मी फेकला नाही. फाटला होता, पण उजवी बाजू उचलायच्या आधी तिथं ब्रश पुरता फिरला होता. मी स्वतः बघितलं होतं, त्या कोपऱ्यात काहीतरी उठलेलं होतं. मी तो उलगडून, घडी न घालता, आमच्या माळ्यावर भाताच्या कणगीमागं ठेवला. माझ्या टाकीच्या आधीचा तो एकच कागद आहे. फोटो नाही, दुसरा ठसा नाही. तोच.

त्याच्यावर खापरातला शब्द असेल तर दगड तुमचा. नसेल तर निदान अक्षरं कोरून घेणारी तुम्ही नाही, एवढं तरी. कागद खोटं सांगणार नाही, त्याला तुमच्याकडून काही नको आहे.

वाडीत रेंज नाही. आई रविवारी पिरंगुटला रेश्माकडं येते तेव्हा बोलेन. कागद तिला जपून आणायला सांगतो. मी किशनगडला आल्यापासून पहिल्यांदा नीट जेवलो.

बुधा


किशनगड, २० फेब्रुवारी २०२५

स्वरदाताई,

पाच रविवार गेले तेव्हा कुठं आई फोनवर सापडली. कधी तिचे गुडघे, कधी एसटी नाही, कधी कुणाचं लग्न.

जसं झालं तसंच लिहितो.

मी म्हटलं, "आई, माळ्यावर कणगीमागं कागद हाय एक. जाड, पांढरा. फाटलेला."

"हाय न्हाई, व्हता."

"म्हंजी?"

"आरं लई ग्वाड कागद. शाई न्हाई, डाग न्हाई. रद्दीचा कागद भिजवला की काळं पाणी निघतं, ह्याचं दुधावानी. मेथ्या घालून कुटला, लगदा थापला. दोन बुट्ट्या झाल्या बघ, आन् एक झाकण."

"कधी?"

"तू पळालास त्याच्या दुसऱ्या हप्त्यात. मला वाटलं, पोरगं गेलं, कागद कशाला उंदरास्नी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. ती म्हणाली, "का रं? तुला पायजे व्हती का बुट्टी? एक हाय, तिच्यात लसूण ठिवलाय. दुसरी ताईस्नी दिली."

"कोणत्या ताईंना?"

"तुझ्या त्या दगडाच्या. आषाढात आल्या व्हत्या न्हवं, त्यांची पेटी न्यायला. आत आल्या न्हाईत, उंबऱ्यातच हुब्या. मोकळ्या हातानं कसं लावून द्यायचं? बुट्टीत भारंगीची भाजी घातली आन् दिली. घेत नव्हत्या. मी म्हनलं, घ्या वं, तुमचाच कागद हाय."

ताई, म्हणजे तिसरी ओळ तुम्हीच घरी घेऊन गेलात. ती बुट्टी अजून असेल तर तिच्यात काही ठेवू नका. ठेवू नका म्हणजे काय, ठेवा. आता काय फरक पडतो. लगदा झालेल्यातून कोणाला काय वाचता येणार. मेथीचा वास येत असेल अजून.

आईला मी ओरडलो नाही. तिला सांगितलंही नाही. रेश्मा मागून म्हणत होती, "दादा रडतोय का गं?" आणि आई म्हणाली, "न्हाई, तितं धूळ लई हाय."

मी तुम्हाला आशा लावायला नको होती. पत्र टाकायच्या आधी विचारायला हवं होतं. पण मला थांबता येत नाही. दगडापाशीही चार दिवस थांबता आलं नाही. चारच तर होते.

बुधा


किशनगड, ६ मे २०२५

स्वरदाताई,

तुमचं पाकीट आलं. ठेकेदारानं सगळ्यांसमोर हाक मारली, "बुधा, तेरी चिट्ठी!" आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले, त्यांना वाटलं लग्नाची बोलणी. मी ते संडासात जाऊन उघडलं, माफ करा, दुसरी जागा नाही.

आत चिठ्ठी नव्हती. एक पोस्टकार्ड, तुमच्या पत्त्याचं, परत पाठवायला. त्याच्यावर तुम्ही लिहिलंय:

"तिसरी ओळ, शेवटची तीन. टाकी लावण्याआधी तिथे होते ते: अक्षरे / घासे. नको ते खोडावे. १० जूनला चौकशीची शेवटची बैठक आहे."

नमस्कार नाही, नाव नाही. बरोबर आहे.

मी ते कार्ड तुमच्यासारखंच तपासलं. उन्हात तिरपं धरलं. पाठीमागून बोट फिरवून बघितलं, कुठला शब्द जास्त दाबून लिहिलाय. दोन्ही सारखेच. अंतर मोजलं, तेही सारखंच. तुम्हाला कुठलं उत्तर हवंय ते तुम्ही कुठंच उमटू दिलं नाही. पण ते मला कार्ड न बघताही माहीत आहे. सहा उन्हाळे मी तुमच्या पाण्याच्या बाटल्या उचलल्यात.

मी "घासे" खोडलं तर: टाकी लावणाराच सांगतोय की खाली अक्षरं होती, माझा कबुलीजबाब सोबत, बैठकीत निदान बोलायला काहीतरी. दगड त्या भाषेचा असायची वाट उघडी राहते. "अक्षरे" खोडलं तर तुमच्या सहा वर्षांवर माती, आणि ती माझ्या हातून.

ताई, एक गोष्ट मी अजून सांगितली नाही. टाकी मारली त्या दिवशी मी खापरावरचा शब्द पाठ म्हणू शकत होतो. तुमच्या वहीत शंभर वेळा काढलेला होता, मीही पाटीवर गिरवायचो. म्हणजे हळद फुंकली तेव्हा मला तो शब्द तिथं दिसला, की पाठ होता म्हणून मी तो तिथं बघितला, हा प्रश्न आहे.

मला थोडे दिवस द्या. मी आठवून बघतो. नुसतं बसून नाही, हातानं.

बुधा


किशनगड, २९ मे २०२५

स्वरदाताई,

तेवीस दिवस झाले. काय केलं ते सांगतो.

टाकाऊ संगमरवराचे तुकडे गोळा केले. त्यांवर आधी साहिलला विळा घासायला लावला. काय करतोय ते त्याला सांगितलं नाही. घासे पडल्यावर हळद चोळली, फुंकली, आणि डोळे मिटून टाकी घेतली. म्हटलं, हाताला आठवत असेल. आबाही डोळे मिटून पाटा करतात, त्यांना बघायला लागत नाही.

साहिल म्हणाला, "हल्दी लगा रहा है, शादी करेगा क्या पत्थर से?" दुसऱ्या दिवशी म्हणाला, "मान गया क्या?" पाचव्या दिवसापासून त्यानं विचारणं सोडलं, नुसता विळा घासून द्यायचा.

एकोणचाळीस तुकडे झाले. ताई, एकोणचाळीसच्या एकोणचाळीसांवर खापरावरचा शब्द निघाला. खाली नुसते साहिलनं पाडलेले घासे होते, तरीही. हात आपोआप तिकडंच जातो. तो तसा जातो कारण दगडावर तसं होतं, की तुमच्या वहीत तसं होतं, की मीच एकदा तसं खोदलं म्हणून, ते हाताला माहीत नाही. मी त्याला लई विचारलं.

मग आबांकडं गेलो. म्हणजे फोनवर. गेल्या मेपासून ते माझ्याशी बोलले नव्हते. यंदा दगड पाचच दिवस उघडा पडला, पावसानं घाई केली. रेश्मानं माझा निरोप पोचवला तेव्हा आबा त्या उतारावरून खाली गेले, काठी टेकत, आणि दगडापाशी बसून राहिले. मग पिरंगुटला आले, माझ्याशी बोलायला म्हणून.

"बुधा."

"जी आबा."

"हात घालून बगितला. लई खोल मारलीस रं."

"किती?"

"बोटाचं पेर जातंय आत. पाट्याला यवढी मारली असतीस तर बाईनं त्योच पाटा तुझ्या टकुऱ्यात घातला असता."

मी म्हटलं, "आबा, तुमचं बोट चुकत नाही. तळाला काय लागतं? माझ्या टाकीखाली जुनं काही? गोल काही, घाशाची सरळ चीर काही? काहीतरी लागलं असेल."

मागं पिरंगुटच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"तळाला तूच हायेस की रं," म्हणाले.

मग म्हणाले, "हळद म्या शिकवली. त्या बाईस्नी माझंबी सांग." आणि फोन रेश्माकडं दिला.

तर सांगितलं.

सोबत चार पानं आहेत. त्यांत तारखांसकट सगळं आहे, हळद, टाकी, चिखल, रिसॉर्टचं खोटं. प्रत्येक पानावर सही आणि अंगठा. इथल्या नोटरीनं शिक्का मारलाय, त्याला मराठी येत नाही, तो म्हणाला, जमिनीचं आहे का, मी हो म्हटलं. एवढ्यानं तुमच्यावरचा कोरून घेतल्याचा डाग जाईल, असं साहिलच्या ओळखीचा एक वकील म्हणतो. दगड जाईल तो जाईलच. ते अकरा शब्द अकराच राहतील.

मी बारा दिवस एक कार्ड लिहून खिशात ठेवलं होतं, इथल्या पोस्टातून दुसरं घेतलेलं. त्याच्यावर तुमचेच दोन शब्द लिहून "घासे" खोडलं होतं. नीट, पट्टी लावून. रोज वाटायचं आज टाकतो. तुम्ही खूश झाला असतात असं नाही, पण बैठकीत तुमच्या हातात काहीतरी असतं. आणि मग पुढं कधीतरी दुसरं कोणी तुमच्यासारखं ते पुस्तकात वाचून त्याच्यावर आपली सहा वर्षं घालणार, माझ्या पट्टीवर. ते कार्ड मी फाडलं. भिजवलंही, म्हणजे कोणी जोडू नये.

साहिल म्हणतो पहाडात बोगद्याचं काम निघालंय, उद्या ट्रक जाणार. मी जातोय. तिथं नुसतं फोडायचं असतं, काही नीट करायचं नसतं. पत्ता कळवत नाही.

तुमचं पोस्टकार्ड या पाकिटात परत घातलंय. पेन घेऊन तीन वेळा बसलो. तुम्ही लिहिलंत, नको ते खोडावे. मी काहीच खोडलेलं नाही. दोन्ही शब्द तुम्ही लिहिले तसेच आहेत, त्यांना मी हात लावलेला नाही.

बुधा